गाण्यातलं नाव

माझ्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात एकच गाणं रचलं, आणि त्यात माझं नाव आहे. नात्यागोत्यात याचं फार कौतुक. लग्नकार्यात एखाद्या नव्या सुनेशी ओळख करून देताना माझी नणंद हटकून सांगते, "या आमच्या वहिनी. यांच्यावर गाणं आहे बरं का!" मग ती पोरगी माझ्या सुजलेल्या गुडघ्यांकडे आणि पांढऱ्या केसांकडे बघते, आणि तिला काही ते खरं वाटत नाही. मी हसते. इतकी वर्षं हसत आले की आता ते हसू आपोआप येतं, शिंक येते तसं. पण साठी ओलांडल्यावर काही गोष्टी पोटात ठेवणं जड जातं. ते गाणं माझ्यावर नाही. कधीच नव्हतं. नवऱ्याला आम्ही बायका चारचौघांत 'हे' म्हणतो, 'ते' म्हणतो. पण त्या दिवसांतला भागवत माझा नवरा नव्हता, भावाचा मित्र होता. म्हणून इथं त्याला मी 'तो'च म्हणणार आहे.

आम्ही नगरजवळच्या नागापूरला राहायचो, एमआयडीसीच्या पाठीमागं, पत्र्याच्या खोल्यांच्या लांबलचक ओळीत. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं हातभर ओटा. मूळचे आम्ही नेवाशाकडचे. शेत थोरल्या चुलत्यांकडे राहिलं आणि वडील कारखान्यात टर्नर म्हणून लागले. त्यांचे कपडे कितीदा धुतले तरी त्यांचा तेलकट आंबूस वास जायचा नाही, आणि खिशातून लेथवरचा लोखंडाचा कीस उंबऱ्यात सांडायचा. तो पायाला टोचला की आई म्हणायची, "आलं बाई तुज्या बापाचं पीक घरात." भिंतीवर घड्याळ होतं पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. सगळं घर कारखान्यांच्या भोंग्यांवर चालायचं. पहाटेच्या भोंग्याला स्टोव्हचा फर्रर आवाज सुरू व्हायचा, पुढच्या भोंग्याला वडील सायकलवर टांग टाकायचे, आणि दुपारच्या भोंग्याआधी बाजरीच्या भाकरी टोपलीत रचलेल्या असल्या पाहिजेत, कारण दुसऱ्या पाळीला जाणारी माणसं जेवायला बसायची. घरात पुरुष दोनच, वडील आणि माझा थोरला भाऊ दिलीप. पण पानं नेहमी तीन-चार पडायची. आईला मोजून स्वयंपाक करता यायचा नाही, किंवा येत असून ती करायची नाही.

दिलीप एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. त्याचा मालक भला माणूस. सुट्टीच्या दिवशी शेडची किल्ली तो दिलीपकडे ठेवायचा, आणि त्या शेडमध्ये दिलीपच्या बँडची तालीम चालायची. बँड म्हणजे लग्नातला नव्हे, रॉक बँड. दिलीपचा दोस्त अशोक, त्याचा मामा लष्कराच्या कॅम्पात नोकरीला होता. त्याच्याकडून इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी यायच्या. त्यातलं एक अक्षर या पोरांना कळत नव्हतं, पण ओरडणं कळत होतं. दिवसभर मशिनच्या आवाजावर ओरडून बोलणाऱ्या माणसांना ओरडून गाणं घरचंच वाटणार. गंमत अशी, की कारखान्यांच्या सुट्टीच्या वारी त्या सबंध भागाची लाईट बंद असायची. शेड मिळायची तेव्हा वीज नाही, आणि वीज असायची तेव्हा शेड नाही. अशा रीतीनं आमच्या रॉक बँडनं वर्षभर विजेवाचून तालीम केली. अशोकची इलेक्ट्रिकची गिटार वीज नसताना डासासारखी कुणकुणायची, दिलीप ऑइलच्या रिकाम्या पिंपांवर आणि लग्नाच्या बँडवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या ड्रमवर हात चालवायचा, आणि या सगळ्याच्या वर भागवतचा गळा. बँडला नाव ठेवलं 'भोंगा'. वडील म्हणाले, "कामावर बोलवाया येक भोंगा कमी हुता का?"

भागवत पाथर्डीकडचा. आईवडील दर सालाला ऊसतोडीला जायचे, दसऱ्यानंतर घराला कुलूप लागायचं ते उन्हाळ्यात उघडायचं. हा प्रेस शॉपमध्ये हेल्पर होता, तिघांत मिळून एक खोली घेऊन राहायचा, आणि खानावळीच्या आमटीनं पोट बिघडलं म्हणून एकदा दिलीपनं त्याला घरी आणलं तेव्हापासून आमच्याकडेच जेवायचा. जेवताना बोलायचा नाही. भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतायचा आणि खाली मान घालून असं जेवायचा, की आईचा जीव त्याच्यावर जडला. "गरिबाचं पोर हाय, पन ताटात कन ठिवत न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. आमच्यातलाच होता, निर्व्यसनी होता, आणि मी अकरावीला होते. आईच्या मनात काय शिजत होतं ते न कळायला मी खुळी नव्हते. अशोकला मी अशोकदादा म्हणायची. भागवतला मात्र दादा म्हणायचं मी टाळायची. हाक मारायची वेळ आली तर "अहो, पाणी" एवढंच म्हणायची. आईनं ते हेरलं होतं. एकदा पीठ मळता मळता म्हणाली, "समद्यास्नी दादा म्हनतीस, त्यो काय शेजारनीचा?" मी तापलेल्या तव्यावर उगाच पाणी शिंपडलं.

सुट्टीच्या दिवशी चहाची किटली शेडमध्ये नेऊन द्यायचं काम माझं. तिथंच, श्रावणात, मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. तोवर भोंगाची सगळी गाणी आरडाओरड्याची होती. हे वेगळं. भागवत पिंपाला टेकून, डोळे मिटून, हळू आवाजात सुरू करायचा:

पहाटेच्या गाडीची तुला गं घाई,
हातावर रेघांची वेलबुट्टी बाई,
केसांत अडकलं पिवळं पान,
नाव तुझं घेताना हरपतं भान…

आणि इथं तो थांबायचा. नाव यायचंच नाही. नावाच्या जागी दिलीपची पिंपं धडधडायला लागायची आणि मग अशोकची कुणकुण. मला ऐकता ऐकता कानशिलं गरम झाल्याचं आठवतं. कॉलेजला मी पहाटेच्या गाडीनं जायची, आणि ती नेहमी पळत गाठायची. नागपंचमीची मेंदी अजून हातावर होती. आमच्या दारात बदामाचं झाड होतं आणि त्याची पिवळी पानं माझ्याच काय, सगळ्या आळीच्या डोक्यावर पडायची. पण सतराव्या वर्षी माणूस सगळ्या आळीचा हिशोब करत नाही. किटली तिथंच विसरून मी घरी आले.

गणपतीत आमच्या वसाहतीच्या मंडळानं भोंगाला स्टेज दिलं. दिवेलागणीची वेळ. पुढं ताडपत्रीवर बायका आणि पोरं बसलेली, मागं पाळीवरून सुटलेले कामगार सायकली धरून उभे. मी स्टेजच्या अगदी खाली, कारण भागवतला घसा ओला करायला लागणारं गरम पाणी थर्मासमध्ये माझ्याकडे होतं. पोरांनी वायरी जोडल्या आणि अशोकनं पहिली तार छेडली, तेव्हा ते तिघेही दचकून मागं सरले. वर्षभर तालीम केली, पण आपला खरा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तान्ही पोरं रडायला लागली. एक म्हातारी कानावर पदर दाबून उठून गेली. पहिली दोन गाणी लोकांनी सोसली असंच म्हणावं लागेल. मग भागवतनं हे गाणं धरलं आणि सगळं निवळत गेलं. दुसऱ्या कडव्याला मागचे कामगार सायकलीच्या घंट्या वाजवून साथ देऊ लागले.

आणि मग तो नावापाशी आला नि सवयीनं थांबला. आता कुठल्याही शहाण्या श्रोत्याला कळलं असतं की गाणं असंच आहे, इथं वाजवायचं असतं. पण पुढं बसल्या होत्या आमच्या आळीतल्या बायका. कुणी 'नाव घेताना' म्हणून गप्प राहिला की पुढं काय करायचं हे त्यांना लग्नाच्या पंगतींनी शिकवलेलं. एकीनं टाळी वाजवून सुरुवात केली, "नाव घ्या! नाव घ्या!" लगेच दुसरी, मग सगळ्या. दिलीपचे हात हवेत तसेच राहिले. "आसं न्हाई चालायचं, नाव घ्या!" मागून पुरुषांनीही सूर धरला. भागवतला घाम फुटला होता. त्याला हसून वेळ मारून नेता आली असती, देवाचं नाव घेता आलं असतं. त्यानं मान वळवली, खाली बघितलं, आणि माईकमध्ये म्हणाला, "मंगल."

मंगल माझं नाव. कर्ण्यातून ते पार कारखान्यांच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मी थर्मास छातीशी धरून उभी होते आणि खरं सांगते, त्याइतका आनंद मला नंतर कशाचाच झाला नाही. मुलं झाली तेव्हाही नाही.

घरी जे व्हायचं ते झालं. वडिलांनी मारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तेव्हा दारात आडवे बसले. "झालं शिक्षान. नाव झालं की गावात." माझं कॉलेज तिथं संपलं. मला गणित बरं यायचं, मास्तरीण व्हायचं होतं, ते तिथंच राहिलं. पण मला त्याचं फारसं दुःख झालं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. माझ्यावर कुणीतरी गाणं केलंय या एका गोष्टीवर मी सगळं सोसायला तयार होते. आई मध्ये पडली. भागवतला तिनं थेट विचारलं नाही, पण उन्हाळ्यात त्याचे आईबाप उसावरून परतले की त्यांना बोलवून घेऊ, बोलणी करू, असं दिलीपच्या कानावर घातलं आणि दिलीपनं त्याच्या. भागवत यावर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तो पूर्वीसारखाच खाली मान घालून जेवत राहिला. मी मनात म्हटलं, लाजतोय.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. वडील आणि दिलीप कामावर, आई रेशनच्या रांगेत. भागवतची दुसरी पाळी होती, म्हणजे तो आता जेवायला येईल म्हणून मी ताट धुऊन ठेवलं होतं. दारात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही, काखेत एक गाठोडं.

"मंगल तुमीच का?"

"हो."

"म्या द्वारका. भागवतची."

बहीण का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. लग्नाची."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून गुळाचा खडाही दिला. तिनं गूळ हातातच धरला. "म्या भांडाया न्हाई आले," ती म्हणाली. मिसरूड फुटायच्या आधी भागवतचं तिच्याशी लग्न लावलेलं. उसाचा मुकादम एकट्या माणसाला नेत नाही, नवराबायकोची जोडी नेतो. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. जोडी पाहिजे म्हणून लग्न. एक साल दोघांनी फडात काढलं. मग तो नगरला आला तो परत गेलाच नाही. हे त्यानं इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी लाज म्हणून, मग उशीर झाला म्हणून, असं मला पुढं कळलं.

"मागल्या साली सासऱ्यासंगं जोडी लावली," द्वारका सांगत होती. "त्येनला आता मोळी उचलत न्हाई. औंदा मुकादम म्हनतो, नवरा आन, न्हाईतर ऱ्हा घरी. माझा भाव टेम्पो घिऊन आलता हितं गनपतीत. त्येनं ऐकलं. म्हनला, तुज्या नवऱ्यानं दुसरीचं नाव घेतलं, धा हजार मान्सांत." दहा हजार कुठली, चारशेही नसतील. "भावाच्या सासरवाडीला येक हाय, बायकू वारलेला. त्याच्यासंगं पाट लाव म्हनत्यात. म्या म्हनलं, आदी म्या सोता इचारून येते. गानं तुमच्यावर आसंल तर म्या जाते त्या दुसऱ्याच्या मागं. नसंल तर म्या हितंच बसून ऱ्हाते त्यो येईस्तवर. हाय का तुमच्यावर?"

म्हणजे इतकं सरळ होतं ते. तिनं मला दोन शब्दांतला एक निवडायला दिला होता. मी म्हणाले, "हो, माझ्यावरच आहे." तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, म्हणून त्याचा दोष मी माझ्याकडे घेत नाही. दोष पुढचा आहे.

ती घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "म्हनून दाखवा की. म्या ऐकलंच न्हाई."

मी म्हणायला लागले. 'पहाटेच्या गाडीची तुला गं घाई.' ती जराशी हसली. "आमचं बी तसंच. पहाटं चारला बैलगाडी जुपत्यात, दात वाजत्यात थंडीनं." आणि असं म्हणताना तिनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं, तेव्हा मला तिचे हात दिसले. बोटांपासून कोपरापर्यंत बारीक बारीक रेघा, काही जुन्या पांढऱ्या, काही काळपट, एकीवर एक, वेलीसारख्या. उसाची धारदार पात हात कापते, त्या रेघा. मोळी बांधताना, उचलताना, रोज. हंगाम उलटून गेला तरी त्या गेल्या नव्हत्या. मग डोक्यावर मोळी घेणाऱ्या बाईच्या केसांत पिवळं पान कुठून अडकतं हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. आमच्या दारचा बदाम, माझी मेंदी, माझी कॉलेजची गाडी, सगळं एका क्षणात माझ्या हातातून गेलं. तिचं गाणं तिला म्हणून दाखवायला मी बसले होते.

मी थांबले असते तर? पुढचं जसंच्या तसं म्हटलं असतं, तर तिला कळलंच असतं. मी थांबले नाही. मी म्हणाले, 'हातावर मेंदीची वेलबुट्टी बाई.' आणि पुढची ओळ तिथल्या तिथं रचली, 'केसांत माळला मोगरा छान.' इतकी वर्षं झाली, मला अजून नवल वाटतं की ती ओळ मला इतकी चटकन कशी सुचली. जन्मात कधी कविता केली नाही.

"चांगलं हाय," द्वारका म्हणाली. "तुमाला सोभंल मोगरा." ती उठली. गूळ तिनं तोंडात टाकला, कदाचित मला वाईट वाटू नये म्हणून. गाठोडं माझ्या हातात दिलं. "हुलग्याचं पीठ हाय. त्याला शेंगोळे लई आवडत्यात. तुमी घाला करून." उंबऱ्यात लोखंडाचा कीस तिच्या पायाला टोचला असावा, कारण ती जरा अडखळली, पण तिनं खाली बघितलं नाही.

भागवत त्या दुपारी जेवायला आलाच नाही. आई आल्यावर पीठ शेजारणीनं दिलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी लसूण-मिरची वाटून शेंगोळे केले आणि त्याला वाढले. त्यानं ते सगळे खाल्ले. पीठ कुठलं ते विचारलं नाही. दिवाळीला तो गावी गेला आणि दोन दिवसांत परत आला. ओट्यावर बसून त्यानं आईला सगळं सांगितलं: लहानपणी लग्न झालं होतं, ती आता पाट लावून दुसऱ्याबरोबर उसाला गेली. आईनं कपाळावर हात मारला, दोन दिवस त्याला जेवायला बोलावलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं. वडील म्हणाले, "कर्न्यावरनं नाव झालेली पोर आता दुसऱ्या कुनाला द्यायाची?" उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. मांडवात सगळे मागं लागले, गाणं म्हण, ते गाणं म्हण. तो म्हणाला, घसा बसलाय. तो घसा आजपर्यंत बसलेलाच आहे. अशोक पुण्याला गेला, दिलीपनं ड्रम विकला, भोंगा संपला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी न राहवून विचारलं होतं, "तिथं माझंच नाव का घेतलंत?" त्यानं खोटं बोलायला हवं होतं. कुठल्याही नवऱ्याला तेवढं जमतं. तो म्हणाला, "समोर तू हुतीस."

संसार झाला. वाईट झाला असं म्हणवत नाही. त्यानं कधी हात उगारला नाही, पगार कधी बाहेर उडवला नाही, मुलांची शिक्षणं केली. पण त्या घरात मी चोरीच्या वस्तूवर बसल्यासारखी राहिले. दसऱ्यानंतर रस्त्यानं ऊसतोडीच्या गाड्या जायला लागल्या की मी एस.टी.च्या खिडकीतून वर बसलेल्या बायकांचे हात बघायची. अजून बघते. या शहराचं नावसुद्धा आता बदललं, माझ्या तोंडात मात्र नगरच येतं, आणि डोळ्यांची खोडही तशीच आहे. द्वारका मला पुन्हा दिसली नाही. चार वर्षांपूर्वी नणंद सहज बोलता बोलता म्हणाली की ती गेली, तिकडं कर्नाटकात, फडावरच. हे त्या रात्री जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

परवा दिलीपच्या मुलानं माळ्यावरची कॅसेट शोधून काढली. त्या कार्यक्रमाची कुणीतरी भरून घेतलेली. ती त्यानं मोबाईलवर घेतली आणि आमच्याकडे येऊन सगळ्यांसमोर लावली. खरखर, मग सायकलींच्या घंट्या, मग तो आवाज. इतका कोवळा, की मला ओळखायला वेळ लागला. मेलेल्या कितीतरी बायका त्यात हसत होत्या, नाव घ्या म्हणत होत्या. आणि मग, "मंगल." नातवंडांनी टाळ्या पिटल्या. हे उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. निवृत्त झाल्यापासून लसूण सोलायचं काम ह्यांच्याकडे असतं. सुपात घेऊन दारात बसतात. मी भाजी निवडत होते. काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "अहो, ती आली होती आपल्याकडे. द्वारका. लग्नाआधी." आणि मग मी थांबले नाही. तिचं अनवाणी येणं, तिचा प्रश्न, तिचे हात, मेंदी, मोगरा, पीठ, सगळं सांगितलं. ज्या पापापायी मी उभं आयुष्य या माणसासमोर मान वर करून बसले नाही, ते त्याच्यापुढं ओतलं, आणि वाट बघितली. वाटलं आता सूप भिरकावतील. वाटलं रडतील. मला दोन्ही चाललं असतं.

ह्यांनी हातातली पाकळी सोलून सुपात टाकली. "म्हाईत हाय," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"जेवाया येत हुतो. ती तुज्या दारात शिरताना दिसली. म्या गिरनीच्या आडोशाला उभा ऱ्हायलो. बाहीर आली ते बी बघितलं. पार एश्टीच्या थांब्याकडं वळंपर्यंत."

गिरणी आमच्या दारापासून चार घरांवर. हाक मारली असती तर ऐकू आली असती. गाणं, ती बाई, आणि मनाला खात राहिलेली ही सगळी वर्षं, हे एका हाकेच्या अंतरावर होतं. मला त्यांचा इतका राग आला की मी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"मग आत का नाही आलात?"

त्यांनी दुसरी पाकळी घेतली. नखानं तिचं टोक काढलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तू तिला काय सांगतीस, त्याची वाट बघत हुतो."